लग्नातला थाट आणि लग्नातल्या याद्या

मे २०२५ मध्ये पुणे परिसरात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. सासरच्या लोकांवर हुंड्यासाठी छळ केल्याचे आरोप झाले आणि तिच्या लग्नात माहेरने दिलेले सोने, गाडी आणि केलेला खर्च यांचे तपशील घरोघरी चर्चिले गेले. त्यानंतर काही ठिकाणी मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नांसाठी आचारसंहिता ठरवण्यात आल्या. पाहुणे शे-दोनशेच असावेत, डीजे नसावा, साखरपुडा, हळद आणि लग्न एकाच दिवशी उरकावे, प्री-वेडिंगचे चित्रीकरण बंद व्हावे, अशा स्वरूपाची कलमे त्यांत होती. अशा बैठका घेणाऱ्यांची तळमळ खोटी नाही आणि त्यांच्या संहितांत हुंड्याविरुद्धचे कलमही असते, हे आधीच नोंदवले पाहिजे. पण पुढे जो वाद झाला, तो जवळपास सगळा प्री-वेडिंग आणि डीजे यांभोवतीच फिरत राहिला. एका बाजूने म्हटले गेले की, आजच्या मुलामुलींना लग्न हा संस्कार वाटत नाही, त्यांना फक्त सोहळा हवा असतो. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की, पैसा आमचा, आनंद आमचा, तुम्ही सांगणारे कोण? दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे, ती अशी की लग्नाच्या थाटावरून किंवा साधेपणावरून त्या जोडप्याची विवाहाविषयीची मूल्ये कळतात. माझे म्हणणे असे की, ती तशी कळत नाहीत. ती कळतात लग्नाचा खर्च कोणी उचलला, निर्णय कोणी घेतले, मान कोणाला मिळाला आणि या सगळ्याच्या बदल्यात मुलीने काय सोडले, यावरून.

खर्चाविरुद्धचा युक्तिवाद कमकुवत मुळीच नाही. मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांच्या अडचणींमधले एक ठळक कारण आहे, हे तिथे काम करणारा कोणीही सांगेल. एका घराने मोठे मंगल कार्यालय घेतले की भावकीतल्या दुसऱ्या घराला लहान कार्यालय घेणे अवघड होते. ऐपत नसलेला माणूस इथे आपल्या आनंदासाठी खर्च करत नाही, तो अपमान टाळण्यासाठी करतो. ‘आमचा पैसा, आमचा आनंद’ हे उत्तर या माणसापर्यंत पोहोचतच नाही. खर्च खासगी असला तरी त्याचा दाब सार्वजनिक असतो, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

पण खर्च वाईट आहे, एवढ्यावरून साधे लग्न म्हणजे चांगल्या मूल्यांचे लग्न असा निष्कर्ष काढता येतो का? हा प्रयोग आपण अलीकडेच सक्तीने करून पाहिला आहे. २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होताना लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. वरात नाही, पंगत नाही, वाजंत्री नाही. आजच्या आचारसंहितांना जे हवे आहे, त्याहून कितीतरी साधी लग्ने तेव्हा घरोघरी लागली. त्याच काळात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे देशभरात २०१९ मधल्या ५२३ वरून २०२० मध्ये ७८५ वर गेले. शाळा बंद होत्या, रोजगार गेला होता, ही कारणे खरीच. पण त्यांच्या जोडीला एक हिशेबही होता. आत्ता लग्न उरकले तर थोडक्यात भागते, मग मुलगी अठराची होईपर्यंत कशाला थांबायचे? लग्न साधे होते, स्वस्त होते, भटजी होते, अक्षता होत्या, आणि बोहोल्यावर उभी केलेली मुलगी नववीत होती. अशा लग्नाच्या साधेपणाचे कौतुक कोण करील?

समाजमाध्यमांवर या वादात एका अमेरिकी अभ्यासाचा हवाला वारंवार दिला जातो. एमरी विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन हजारांहून अधिक विवाहित व घटस्फोटित व्यक्तींच्या माहितीवरून २०१४ मध्ये असे मांडले की, लग्नावर आणि अंगठीवर फार खर्च करणाऱ्यांमध्ये घटस्फोटाचे प्रमाण अधिक दिसते. आपल्याकडे हे अर्धेच वाक्य फिरते. त्याच अभ्यासात लग्नाला अधिक माणसे आलेल्या जोडप्यांचे विवाह अधिक टिकलेले दिसले, म्हणजे पाहुण्यांवर मर्यादा घालू पाहणाऱ्यांना तो सोयीचा नाही. शिवाय असा परस्परसंबंध म्हणजे कारण नव्हे. आणि मुळात टिकणे ही कसोटी आपल्या समाजाला लावावी का, याचाही विचार हवा. जिथे माहेरचा दरवाजा लग्नानंतर अर्धा मिटलेला असतो, हाती कमाई नसते आणि ‘सांभाळून घे’ हाच सल्ला सगळीकडून मिळतो, तिथे लग्न टिकते याचा अर्थ ते चांगले आहे असा होत नाही. पुण्यातल्या त्या मुलीचे लग्नही तिच्या मृत्यूपर्यंत टिकलेलेच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो संस्कारनिष्ठ लोकांचा आहे. विधी ही पोकळ गोष्ट नाही, त्यातून लग्नाचे गांभीर्य मनावर ठसते, आणि ज्यांना विधींत रस नाही त्यांना बांधिलकीतही रस नसतो, असे ते म्हणतात. २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल त्यांच्या मदतीला येतो. कोणतेही विधी न करता केवळ प्रमाणपत्र आणि नोंदणी मिळवलेल्या दोन वैमानिकांचे लग्न हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वैध नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि लग्न म्हणजे नाचगाण्याचा किंवा खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे, असे त्या निकालात सुनावले. निकालाचा हा भाग सगळ्यांच्या तोंडी झाला. त्याच ओघात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती की, लग्न हा दबाव आणून हुंडा आणि भेटी मागण्या-देण्याचाही प्रसंग नाही. हा दुसरा भाग उद्धृत केलेला मला फारसा कुठे आढळला नाही. आपल्याला काय ऐकायला आवडते, ते या निवडीवरून समजते.

विधी मनापासून केले तर ते मोलाचे असतात, याबद्दल माझा वाद नाही. पण विधी यथासांग झाले म्हणजे मूल्येही जागेवर आहेत, हे इतिहास मान्य करत नाही. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले. ते विधिपूर्वक झाले होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला, तेव्हा रखमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, ज्या लग्नाला माझी संमती नव्हती, ते मला बांधू शकत नाही. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या. त्या काळचे सनातनी संस्कार धोक्यात आल्याची ओरड करत होते. त्या संस्कारात एक गोष्ट मुळातच नव्हती आणि ती म्हणजे वधूचे मत.

महात्मा फुल्यांनी नेमके हेच हेरले होते. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १८७३ मध्ये, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न आणि कमी खर्चात लग्न, एवढीच त्याची ओळख आज उरली आहे. कमी खर्च हा हेतू होताच, आणि पुरोहिताला वगळणे तर इतके झोंबले की ओतूर गावच्या पुरोहित जोशांनी, आमच्याविना लग्न लागले तरी दक्षिणेचा हक्क आमचाच, असा दावा न्यायालयात लावला. पण फुल्यांनी रचलेली मंगलाष्टके वाचली की खरा बदल दिसतो. त्यांत वधू मुकी उभी राहत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, त्यांचे हक्क देण्याची शपथ घ्या, असे ती वराला सर्वांसमक्ष सांगते, आणि वर ती शपथ घेतो. दीडशे वर्षांपूर्वी मांडवात उभे राहून मुलगी अटी घालते आणि मुलगा त्या मान्य करतो! पाहुणे किती होते आणि जेवणात काय होते, हा प्रश्न या शपथेपुढे किती किरकोळ वाटतो. आजच्या किती आचारसंहितांत वधूने काय बोलावे याविषयी एखादे कलम आहे?

आता आजच्या लग्नांकडे येतो आणि जिथे निर्णय होतात तिथे, म्हणजे याद्यांच्या बैठकीत जाऊन बसतो. सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडची वडीलमंडळी बैठकीच्या खोलीत जमतात. एक जाणता मामा किंवा काका वही उघडतो. कार्यालय कोणाकडे, जेवण कोणाकडे, मानाच्या साड्या किती, आहेर कोणाकोणाला, मुलाला अंगठी की चेन, येण्याजाण्याच्या गाड्या कोणाच्या, हे एकेक लिहिले जाते आणि शेवटी दोन्हीकडच्यांच्या सह्या होतात. मुलगी चहाचे कप घेऊन येते आणि जाते. मुलगा बहुधा बाहेरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेला असतो. याच बैठकीत ते वाक्य उच्चारले जाते, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीच्या बापाला पाठ आहे: ‘आम्हाला काही नको, तुम्ही फक्त लग्न तेवढे थाटात करून द्या.’ हुंडा मागितला नाही असे म्हणता येते आणि खर्चाचा सगळा भार मुलीकडच्यांवर जातो. आज डेस्टिनेशन वेडिंग, ड्रोन, थीमप्रमाणे सजावट, हळदीला पिवळे आणि संगीताला निळे कपडे, या सगळ्याची भर पडली आहे. म्हणजे मागणी तीच राहिली आहे आणि तिचा आकडा तेवढा फुगला आहे. असे लग्न पाहून कोणी म्हणेल की आजच्या पिढीला भपका आवडतो. पण त्या पिढीच्या दोन प्रतिनिधींपैकी एक चहा देत होती आणि दुसरा बाहेर बसला होता. मग त्या भपक्यातून मूल्ये वाचायचीच असतील, तर ती कोणाची?

याच्या नेमके उलट प्री-वेडिंगचे आहे. ठरवून केलेल्या लग्नात साखरपुडा ते लग्न या काळात त्या दोघांनी स्वतः ठरवलेली गोष्ट पुष्कळदा हीच एक असते. जागा ते निवडतात, दिवस ते ठरवतात, प्रवासात ते एकमेकांशी बोलतात, दमल्यावर समोरचा माणूस कसा वागतो हे पाहतात. त्यातल्या छायाचित्रांना साचेबद्धपणा आहे, मलाही ती छायाचित्रे आवडत नाहीत, आणि छायाचित्रकारांचे दर पाहता खर्चाचा आक्षेपही रास्त आहे. पण खर्च हाच मुद्दा असता तर ‘दोघांनी स्वतःच्या कमाईतून करावे’ असे कलम पुरले असते. सरसकट बंदीमागचे खरे कारण बैठकांत मोकळेपणाने बोलून दाखवले जाते: लग्नाआधी मुलामुलीने असे हात धरून फिरणे शोभत नाही. हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. मात्र एका मुलीच्या मृत्यूनंतर भरलेल्या बैठकीत तो खर्चाच्या आणि हुंड्याच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. जोडप्याच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली आणि मामाच्या हातातली वही तशीच ठेवली, तर हुंडा कमी कसा होणार?

थाटाच्या बदल्यात मुलगी काय सोडते, हे लग्नात दिसत नाही. ते वीस-पंचवीस वर्षांनी दिसते. वडील जातात, वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात अर्ज होतो, सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीने बहिणींची नावे लागतात. मग एक दिवस बहिणींना गाडी पाठवून बोलावले जाते, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते, आणि त्यावर सही करताना कोणीतरी म्हणते, ‘तुमची लग्ने दादांनी किती थाटात केली, आता वाटणी कशाची मागायची?’ सही होते, साडी-चोळी होते, आणि एकरांचा हिशेब मिटतो. जी सही करत नाही, तिला माहेर तुटते. मुलीच्या लग्नावरचा खर्च हा अशा घरांत वडिलांनी लेकीला दिलेली भेट नसते. तिच्याच वाट्यातून, तिला न विचारता, एका दिवसाच्या जेवणावळीवर आणि मानपानावर केलेला तो खर्च असतो. आपल्या कायद्यानेही हा समज एकेकाळी मान्य केला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण ज्यांची लग्ने कायद्याआधी झाली होती, त्या मुलींना त्यातून वगळले होते. लग्न झाले, म्हणजे तिचे देणे फिटले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढून टाकली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असे स्पष्ट केले. कायदा बदलला, तरी गाडी पाठवून बहिणींना बोलावणे थांबलेले नाही.

या ठिकाणी गोव्याचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे लग्न आधी नोंदणी कार्यालयात उभे राहते. दोघांनी जाऊन इरादा नोंदवायचा, मुदत गेल्यावर पुन्हा येऊन सही करायची. वेगळा करार केला नसेल, तर त्या सहीने पतीपत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा ठरतो. गोव्यातल्या बायका सुखी आहेत किंवा तिथे थाट नाही, असे मी म्हणत नाही. तिथेही मोठाली लग्ने होतात, आणि बाहेरच्या श्रीमंतांची तर फारच होतात. परंतु तिथल्या जोडप्याला लग्नाआधी एकदा तरी हा प्रश्न कागदावर पाहावा लागतो की, तुझे आणि माझे काय, आणि आपले काय. मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या जोडप्यांपैकी किती जणांनी लग्नाच्या वर्षभरात हा प्रश्न एकमेकांना विचारला असेल?

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की नव्या चालींकडे मी कौतुकाने पाहायलाच तयार नाही. तसे नाही. काही बदल मला मनापासून महत्त्वाचे वाटतात आणि त्यांची चर्चा डीजेच्या आवाजात बुडून जाते, याचे वाईट वाटते. स्त्रिया पौरोहित्य करतात, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने त्याचे रीतसर शिक्षण सुरू करून बरीच वर्षे झाली. काही जोडपी कन्यादानाचा विधी वगळतात, काही जण तो दोन्हीकडच्या आईवडिलांनी मिळून करावा असा बदल करतात, काही जण संविधानाची उद्देशिका वाचून लग्न लावतात. या सगळ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो बदल फारसा कोणाच्या कॅमेऱ्यात येत नाही. नवरा गेलेली आई आपल्याच मुलीच्या लग्नात खांबाआड उभी राहायची, औक्षणाला काकूला पुढे करायची, हळद लावायला हात पुढे करताना थबकायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर तसेच ठराव इतरत्रही झाले. पण ठरावाहून अवघड काम एखादी मुलगी करते, जेव्हा ती सासरच्या मंडळींना आधीच सांगते की, मला पहिली हळद माझी आई लावील, नाहीतर हळद होणार नाही. याला पैसा लागत नाही आणि त्यासाठी पाहुणेही कमी करावे लागत नाहीत. हे हजार माणसांच्या लग्नात होऊ शकते आणि पंचवीस माणसांच्या लग्नात नाकारलेही जाऊ शकते. ज्या जोडप्याने हे केले, त्यांच्या मूल्यांविषयी मला शंका राहत नाही, मग त्यांच्या हळदीला बँजो का वाजेना.

एक आक्षेप उरतो आणि तो व्यवहाराचा आहे. पाहुणे मोजता येतात, डीजे बंद करता येतो, पण खर्च कोणी केला, मुलीचे मत विचारले का, हे बैठकीने कसे तपासायचे? ते घरातले प्रश्न आहेत, त्यांत समाजाने हात घालू नये, असेही म्हटले जाईल. ज्या बैठका कोणाच्या लग्नात किती वेळ कोणते वाद्य वाजेल हे ठरवतात, त्यांना अचानक घराचा उंबरठा आठवावा, हे मला पटत नाही. शिवाय त्यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वधूला काय मिळाले त्याची यादी तिने ठेवायची, वराला काय मिळाले त्याची त्याने. प्रत्येक वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते त्यात लिहायचे, आणि खाली वधूवरांनी सही करायची. वधूला दिलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर तीन महिन्यांच्या आत ती तिला परत देण्याचे बंधन कायद्यात आहे. मामाच्या वहीतल्या यादीवर वडीलधाऱ्यांच्या सह्या असतात, या यादीवर त्या दोघांच्या असतात. लग्ने जमवणाऱ्या मंडळांनी, वधूवर मेळावे भरवणाऱ्यांनी आणि आचारसंहिता लिहिणाऱ्यांनी ही दुसरी यादी मागायला सुरुवात करावी. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ती दोन्ही घरांसमोर वाचली जावी, खर्चाची वाटणी तिच्याच शेवटी लिहिली जावी आणि एक प्रत मुलीच्या पेटीत जावी. शे-दोनशे पाहुण्यांचा नियम मोडणाऱ्या घरावर बहिष्काराची भाषा करण्याइतका धीर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्यातला थोडा हे कागद वाचून दाखवायला लावण्यासाठी वापरावा. पाहुणे मग तीनशे आले, तरी माझी तक्रार राहणार नाही.